वैद्याचे न्हाणे, हकिमाचा हमाम

मराठवाड्यातल्या बायका ‘आंघोळ केली’ आणि ‘न्हायले’ ही दोन वाक्ये वेगवेगळ्या अर्थांनी वापरतात. आंघोळ रोजची, गळ्याखालची. न्हाणे म्हणजे डोक्यावरून. ‘आज न्हायलीस का?’ असे एकीने दुसरीला विचारले की प्रश्न केसांबद्दलचा आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. पुरुषांच्या बोलण्यातून हा फरक जवळजवळ गेलाच. शहरातल्या शॉवरखाली तर डोके आणि अंग एकदमच भिजते, तिथे दोन शब्द हवेत कशाला? पण भाषा उगाच दोन शब्द सांभाळत नाही. न्हाणी, न्हाणीघर, न्हाऊ घालणे, इतकेच नव्हे तर न्हावी हा शब्दही याच घरातला. मुलगी वयात आली की तिला ‘न्हाण आले’ म्हणायचे. एवढा मोठा गोतावळा ज्या क्रियापदाचा आहे, ते क्रियापद नुसता मळ काढण्यापुरते नसणार.

अंग आणि डोके यांच्या पाण्यातला हा फरक आयुर्वेदाच्या ग्रंथांत स्पष्ट सांगितलेला आहे. सातव्या शतकाच्या आसपास होऊन गेलेल्या वाग्भटाचा ‘अष्टांगहृदय’ हा ग्रंथ आपल्याकडच्या वैद्यांच्या नित्य पाठातला. त्याच्या सूत्रस्थानातला दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. पहाटे उठण्यापासून दात घासणे, डोळ्यांत अंजन, नाकात औषधाचे थेंब, गुळण्या असे करत करत वाग्भट आंघोळीपाशी येतो. तो म्हणतो, गरम पाणी गळ्याखालच्या अंगाला बळ देते, तेच डोक्यावर घेतले तर केसांचे आणि डोळ्यांचे बळ हरते. आपल्या आज्या ‘डोक्यावर कढत पाणी घेऊ नको, डोळे जातील’ असे ओरडत, त्यांनी वाग्भटाचे नाव ऐकले असण्याची शक्यता फारच कमी. पण बोलणे तेच होते.

वाग्भटाच्या हिशेबात आंघोळ सुटी येत नाही. आधी अभ्यंग, म्हणजे तेल चोळणे. मग व्यायाम, तोही अर्ध्या ताकदीचा, पार दमेपर्यंत नव्हे. मग उटणे, आणि शेवटी पाणी. तेल रोज लावावे आणि विशेषतः डोके, कान व तळपाय सोडू नयेत, असे त्याचे सांगणे. आज हा सगळा क्रम वर्षातून एकदा, नरकचतुर्दशीच्या पहाटे, आपल्या घरांत जिवंत होतो. तेल, उटणे, कढत पाणी, अंधारातली घाई. आपण त्याला सणाची आंघोळ म्हणतो. वैद्याच्या लेखी ती मंगळवारची किंवा गुरुवारची, कुठल्याही साध्या दिवसाची आंघोळ होती. रोजचे होते ते सणापुरते उरले, आणि सणापुरते उरले म्हणून पवित्र झाले.

या आंघोळीचे फायदे वाग्भट मोजून देतो. भूक लागते, जोम येतो, आयुष्य वाढते, ताकद येते. खाज, मळ, थकवा, घाम, सुस्ती, तहान आणि आग जाते. पण मला या यादीपेक्षा तिच्या पुढची यादी जास्त मोलाची वाटते, कारण ती आंघोळ कोणी करू नये याची आहे. तोंड वाकडे होण्याचा वातविकार झालेला, डोळ्यांचा, कानाचा, तोंडाचा आजार असलेला, जुलाब लागलेला, पोट फुगलेला, पडसे झालेला, अपचन झालेला आणि नुकताच जेवून उठलेला, या सगळ्यांना आंघोळ मना. सुश्रुतसंहितेत ऋतूंचाही विचार आहे. थंडीत फार गार पाणी घेतले तर कफ आणि वात बिघडतात, उन्हाळ्यात फार गरम घेतले तर पित्त आणि रक्त. म्हणजे आंघोळीला मात्रा होती, पथ्य होते आणि कुपथ्यही होते. ज्या गोष्टीला कुपथ्य असते तिला औषध म्हणतात. धर्मकृत्याला आजारपणात सवलत मिळते. औषध मात्र चुकीच्या माणसाला दिले तर अपाय करते, आणि वैद्याने आंघोळीकडे याच नजरेने पाहिले.

हा ग्रंथ आपल्या भागाला परका नाही. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याने तेराव्या शतकात ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. हेमाडपंत म्हटले की आपल्याला चुन्याशिवाय रचलेली दगडी देवळे आठवतात, मोडी लिपीची दंतकथा आठवते. गावोगावच्या बारवांनाही आपण त्याचेच नाव देऊन टाकतो. व्रते, दाने, तीर्थे यांचा प्रचंड संग्रह असलेला ‘चतुर्वर्गचिंतामणि’ त्याच्याच नावावर आहे. पुण्य कुठल्या तीर्थात बुडी मारल्याने मिळते याचाही हिशेब आणि डोक्यावर कुठले पाणी घ्यावे याचाही हिशेब एकाच माणसाच्या दौतीतून उतरला, याची मला गंमत वाटते. एका पुस्तकात आंघोळ आत्म्यासाठी, दुसऱ्यात कातडीसाठी आणि जठराग्नीसाठी. दोन्ही खाती त्याने वेगळी ठेवली.

वाग्भटाच्या त्या फायद्यांच्या यादीत शेवटी एक शब्द मात्र ‘पाप’ या अर्थाचा आहे. खाज, मळ, घाम, आग आणि सगळ्यांच्या मागे पाप. वैद्याने पापालाही आंघोळीने जाणाऱ्या गोष्टींत बसवले, पण शेवटच्या बाकावर. समाजाने पुढे हा क्रमच उलटा केला. पाप आणि विटाळ पुढे आले, खाज आणि थकवा मागे गेले. कोणाची सावली पडली म्हणून केलेली आंघोळ, कोणाचा स्पर्श झाला म्हणून केलेली आंघोळ, या कुठल्याही आंघोळीचा वाग्भटाच्या दिनचर्येत पत्ता नाही. ती वैद्याची आंघोळ नव्हेच. ती दुसऱ्या माणसाचा अपमान करण्यासाठी स्वतःच्या अंगावर ओतलेले पाणी होते.

या प्रदेशातल्या आंघोळीची आणखी काही चित्रे जुन्या ग्रंथांत सापडतात. लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, आज कर्नाटकात असलेल्या बसवकल्याणला, म्हणजे जुन्या कल्याणीला, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा राज्य करीत होता. बाराव्या शतकातल्या त्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या उपभोगांची वर्णने आहेत, त्यांत ‘स्नानभोग’ हे एक प्रकरण आहे. सुगंधी तेल, अंग रगडणे, उटणे आणि मग पाणी असा थाट. सुगंध राजाचे, क्रम वैद्याचा. आणि शंभर-दीडशे वर्षांनी म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ लिहिले, त्यात चक्रधरस्वामींच्या दिनक्रमात ‘मर्दना’ आणि ‘मादणे’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. मर्दना म्हणजे अंग चोळणे, मादणे म्हणजे आंघोळ. मराठी गद्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथात आपल्याला तत्त्वज्ञान तर भेटतेच, पण तेलाचा हातही दिसतो.

आता हकिमाकडे वळू. युनानी वैद्यकात आंघोळीचे नाव हमाम. नुसते पाणी अंगावर घेणे नव्हे, तर गरम खोल्यांची ती एक इमारतच. पहिल्या खोलीत अंग गारव्याला आणि ओलाव्याला सरावते, दुसरीत ऊब आणि ओलावा, तिसरीत ऊब आणि कोरडेपणा. हे इब्न सीनाने (९८०–१०३७) आपल्या ‘अल-कानून’मध्ये मांडले आहे. हमाम कसा असावा, तर जुन्या बांधकामाचा, ऐसपैस, गोड्या पाण्याचा, आणि भट्टीची धग न्हाणाऱ्याच्या प्रकृतीला मानवेल इतकीच असलेला. जुनेच बांधकाम का? कारण नव्या भिंतींच्या ओल्या चुन्याची वाफ अंगाला बरी नसते. रिकाम्या पोटी हमामात गेले तर शरीर वाळते, भरल्या पोटी गेले तर माणूस लठ्ठ होतो आणि आतल्या वाटा तुंबतात. ‘जेवून उठल्यावर आंघोळ नको’ हे वाग्भटाचे वाक्य बुखाऱ्याकडच्या या हकिमालाही मान्य झाले असते.

यात नवल नाही, कारण या दोन विद्यांची ओळख इब्न सीनाच्या आधीची आहे. आठव्या-नवव्या शतकांत बगदादला बरमकी वजिरांच्या आश्रयाने चरक, सुश्रुत अरबीत गेले. सुश्रुताचे भाषांतर मनका नावाच्या भारतीय वैद्याने केले. ‘अष्टांगहृदया’चेही अरबी रूपांतर झाले होते. अली इब्न रब्बन तबरी याने ८५० साली ‘फिरदौस-उल-हिकमत’ लिहिला, तेव्हा ग्रंथाच्या शेवटी हिंदुस्थानी वैद्यकाचा स्वतंत्र भाग जोडला. पुढे आपल्या दख्खनमध्ये उलट दिशेनेही हे काम झाले. विजापूरचा प्रसिद्ध इतिहासकार फरिश्ता हा वैद्यकाचाही जाणकार होता. भारतीय वैद्यकावर त्याने फारसीत ग्रंथ लिहिला, त्याचे नाव ‘दस्तूर-उल-अतिब्बा’. लढायांच्या तारखांसाठी फरिश्त्याची पाने उलटणारे बहुतेक अभ्यासक या पुस्तकाकडे फिरकत नाहीत. राजे कोणाशी लढले हे जितके जपून ठेवले जाते, तितके त्यांचे हकीम कोणाकडून शिकले हे ठेवले जात नाही.

हमाम पाहायचा असेल तर उदगीरहून शेजारच्या बिदरला जावे. उदगीर, औसा, कंधार ही ठाणी एकेकाळी याच बहमनी राज्यात होती. बिदरच्या किल्ल्यात सोळा खांबी मशिदीजवळ शाही हमामाची इमारत आहे, तिथे आता पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. घुमटाखाली तोफगोळे आणि मूर्ती मांडल्या आहेत. शाळेच्या सहली येतात, मुले शिल्पे पाहून जातात आणि आपण एका न्हाणीघरात उभे आहोत हे कोणी त्यांना सांगत नाही. हमाम हा शब्द आपल्यापर्यंत आला तो साबणाच्या वडीवर. शाम्पूची गोष्ट तर याहून लांबची. पाटण्याचा शेख दीन मुहम्मद एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात ब्रायटनला गेला, तिथे त्याने वाफेच्या आंघोळीचे आणि चंपीचे दुकान थाटले आणि तो चौथ्या जॉर्ज राजाचा ‘शाम्पूइंग सर्जन’ झाला. चांपणे या आपल्या क्रियेचा शाम्पू झाला आणि बाटलीत बसून परत आला.

अर्थात शाही हमाम सामान्य माणसाच्या नशिबी नव्हता. सामान्य मुसलमानाच्या घरात होता तो गुसल. त्याचा मूळ हेतू धार्मिक, पण त्यात एक हिशेब आहे आणि तो अरबस्तानच्या कोरड्या भूमीत तयार झालेला आहे. पैगंबरसाहेब एका ‘मुद्द’ पाण्यात वजू करीत आणि एका ‘साअ’ पाण्यात, फार तर पाच मुद्दांत, गुसल करीत, असे हदीसमध्ये आले आहे. चार मुद्दांचा एक साअ. आजच्या मापात एक साअ म्हणजे तीन लिटरच्या आसपास. आणि पाणीच नसेल, किंवा पाण्याने आजार वाढणार असेल, तर स्वच्छ मातीवर हात ठेवून तयम्मुम करावे. धर्मशास्त्रातही स्नानाचे सात प्रकार सांगितले आहेत, त्यांतले पाण्याचे फक्त एक, वारुण. बाकी मंत्राचे, मातीचे, भस्माचे, गाईंच्या खुरांच्या धुळीचे, उन्हात पडणाऱ्या पावसाचे आणि मनाचे. दोन्हीकडच्या शास्त्रकारांना ठाऊक होते की विहिरी आटतात.

नांदेडला पाण्याचे रूप वेगळे आहे, कारण तिथे गोदावरी आहे. गोवर्धन घाट, नगीना घाट, बंदा घाट ही नावेच शहराचा इतिहास सांगतात. गुरू गोविंदसिंग १७०८ साली इथेच निजधामाला गेले. सचखंड हजूर साहिबमध्ये आजही रोज गोदावरीचे पाणी गागरीतून नेले जाते आणि त्या पाण्याने तख्ताची सेवा होते. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानाचा मोठा सोहळा असतो. कुठल्याही गावात नदीचे पाणी माणसे घरी नेतात. इथे शीख परंपरेने पंजाबातून येऊन आपल्या नदीला रोजच्या दिनचर्येत घेतले.

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठी उनकेश्वर आहे. तिथल्या कुंडात जमिनीतून गरम, गंधकयुक्त पाणी येते. नावातच ‘उन’ आहे. कोकणात उन्हवरे, उन्हेरे अशी गावे आहेत, त्यांचेही तेच. शरभंग ऋषींची कथा सांगून लोक या कुंडाची थोरवी गातात, पण येणाऱ्यांपैकी पुष्कळजण कातडीच्या दुखण्यासाठी येतात. खरूज, नायटा, पांढरे डाग, कोड, काय वाटेल ते घेऊन. गंधक त्वचेच्या काही विकारांवर उपयोगी पडते, हे आधुनिक वैद्यकही मानते आणि गंधकाची मलमे औषधाच्या दुकानात मिळतात. पांढऱ्या डागांना त्या पाण्याने गुण येतो असे मात्र कोणी सिद्ध केलेले नाही, आणि कुष्ठरोगाला तर बहुविध औषधोपचारच हवा, तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. कुंडावरून परतताना माणसाने दवाखान्याचीही वाट धरली पाहिजे. जुना वैद्यही ‘अमक्या आजारात आंघोळ नको’ असे बजावत होताच. पाणी सगळ्या आजारांवर चालते, हे त्याने कधीच म्हटले नाही.

इथपर्यंत सगळे छान आहे. ग्रंथ आहेत, क्रम आहे, तेल आहे, उटणे आहे. पण या आंघोळीसाठी लागणारे पाणी कोणाला मिळत होते? हा प्रश्न वाग्भटाने विचारला नाही, इब्न सीनाने विचारला नाही. तो विचारला गेला दौलताबादच्या किल्ल्याच्या दारात, १९३४ साली. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या तीसएक सहकाऱ्यांसह वेरूळच्या वाटेवर किल्ला पाहायला थांबले. प्रवासाच्या धुळीने सगळ्यांचे अंग माखले होते. दाराशी भरलेला हौद दिसला, तेव्हा काहींनी त्याच्या पाण्याने हातपाय, तोंड धुतले. रमजानचा महिना होता. तेवढ्यात एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा मुसलमान ओरडत आला की यांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. तुमचा धर्म तुम्हाला हेच शिकवतो का, असे बाबासाहेबांनी विचारले. उत्तर मिळाले नाही. अखेर किल्ला पाहू दिला तो पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवली आहे.

मी मुसलमान आहे आणि याच प्रदेशातला आहे, म्हणून ही हकीकत मला वगळून पुढे जाता येत नाही. दिवसातून पाच वेळा वजू करणाऱ्या, रोजाच्या महिन्यात असलेल्या माणसाला दुसऱ्याने तोंड धुतलेले सहन झाले नाही. वजूचा अर्थच त्याला कळला नव्हता, असे म्हणून मोकळे होता येईल. पण त्याला जे कळले होते ते आजूबाजूच्या सगळ्या गावांनी मिळून त्याला शिकवले होते. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याआधी सात वर्षांपूर्वी, १९२७ मध्ये, झाला होता. तिथे हिंदूंचे तळे होते, इथे मुसलमान राज्यातला हौद. आयुर्वेद आणि युनानी एका बाजूला ठेवा, अस्पृश्यतेच्या बाबतीत दोन्हीकडच्या लोकांचे एकमत कसे झाले होते, ते पाहा.

त्यानंतर ऐंशीएक वर्षांनी लातूरला पाणीच संपले. मांजरा धरण कोरडे पडले. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर चालून. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर होती, म्हणजे माणशी दीड लिटरही नाही. अर्धा साअसुद्धा नाही. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, पंचवीस लाख लिटरची. तेव्हा कुठे माणशी साडेसहा लिटरचा हिशेब लागला, आणि त्यातच पिणे, स्वयंपाक, भांडी, कपडे आणि आंघोळ. या जिल्ह्यात उसाचे मळे आणि साखर कारखाने किती आहेत, हे वाचकांना ठाऊक आहे. ऊस तोडायला जी कुटुंबे गाव सोडून जातात, त्यांच्या कोप्यांना न्हाणी नसते. बायका अंधार असताना साडीच्या आडोशाने, अंगावरच्या कपड्यांनिशी दोन तांबे घेतात. ज्या पिकाने पाणी प्यायले, ते कापणाऱ्या बाईला न्हायला पाणी नाही.

त्या उन्हाळ्यात लोकांनी आंघोळीची नाना तंत्रे काढली. बाजेवर बसायचे, खाली घमेले ठेवायचे, अंगावरून उतरलेले पाणी कपड्यांना आणि तेच पुढे संडासाला. दिवसाआड आंघोळ तर घरोघरी झाली. ओल्या फडक्याने अंग पुसून माणसे कचेरीत जात. वैद्यकाच्या दृष्टीने त्यात वावगे काही नव्हते. चरकाने पाय आणि मलमार्ग वारंवार धुवायला वेगळे सांगितले आहे, आणि त्याला घंगाळभर पाणी लागत नाही. आजचे त्वचारोगतज्ज्ञही कढत पाण्याने आणि रोजच्या भरपूर साबणाने कातडीचे तेल निघून जाते म्हणतात.

पण एक आंघोळ त्या वर्षीही आटली नाही, ती बाळंतिणीची. मराठवाड्यात बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई वेगळी असते. एकाच गल्लीत एका घरात तिला मावशी म्हणतात, दुसऱ्या घरात खाला. हिंदू घरात ती सव्वा महिना येते, आमच्यात चाळीस दिवस, चिल्ला पुरा होईपर्यंत, आणि त्या चाळिसाव्या दिवसाच्या न्हाण्याला पाहुणे जमतात. नावे दोन, दिवस जवळजवळ तितकेच. तिचा क्रम पाहिला तर वाग्भटाचा: आधी तेल, मग रगडणे, मग हळद आणि डाळीचे पीठ, मग पाणी. कमरेवर सोसेल तितके कढत, डोक्यावर कोमट. त्यानंतर बाजेखाली शेगडी, आणि तिच्यात ओवा, शेपा, वावडिंगाची धुरी. बाळाला ती पाय लांब करून पायांवर पालथे घेते आणि त्याच्या पाठीवरून हात असा फिरवते की रडणारे पोर मधेच झोपून जाते. धूर कोंडलेल्या खोलीत नवजात बाळ ठेवू नये, कानानाकात तेल घालू नये, असे आता डॉक्टर सांगतात, आणि ते ऐकलेच पाहिजे. पण तेल चोळण्याला बालरोगतज्ज्ञांचीही हरकत नाही.

माझ्या एका चुलत बहिणीची सून त्या एप्रिलमध्ये लातूरला बाळंत झाली होती. घरात सहा माणसे, टँकर येईल तेव्हा. घरातल्या थोरल्यांनी ठरवले की पुरुषांनी जुम्याच्या आदल्या दिवसापर्यंत आंघोळ मागायची नाही, पोरांना ओले फडके, आणि सुनेला रोज एक घंगाळ. न्हाऊ घालायला येणारी मावशी शेजारच्या गल्लीतली, मातंग समाजातली. तिच्याकडे नळ तर नव्हताच, टँकरचाही शेवटचा वाटा. पहिल्या दिवशी घरातल्या आजीने तिला सांगितले, ‘काम झालं की घंगाळात मागं जे उरेल त्यानं तू इथंच न्हाऊन जा, घरी कशाला जातीस तशीच.’ मावशी म्हणाली, ‘उरलं तर.’ मग तिने पाणी उरवायला सुरुवात केली. बाळंतिणीचे तांबे तिने कमी केले नाहीत, ती बाळाच्या वाटचे तांबे मोजून ओतू लागली, आणि खाली पाटाशी साचलेले पाणी वेगळ्या बादलीत भरून दारच्या लिंबाला घालू लागली. सव्वा महिना संपला तरी पाऊस आला नव्हता. चिल्ल्याचे राहिलेले दिवस पूर्ण करायला ती पैसे न घेता आली.